कंबरदुखी: सूज कुठे असते, कुठे नसते

लोणंदच्या बाजारात कांद्याची गोणी उचलताना एखाद्या हमालाची कंबर धरली, की निदान जागेवरच होतं: "आत सूज आलीय, एक सुई मारून ये." सुईनंतर दोन-तीन दिवसांत माणूस चालायला लागतो आणि सगळं श्रेय सुईला जातं. खरं तर भरलेली उसण बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपसूक सैल होते. कंबर दुखणाऱ्या दहापैकी साधारण नऊ जणांत दुखण्याचं एक नेमकं कारण दाखवताच येत नाही. रक्तातली सूज मोजणारी सीआरपी तपासणीही त्यांच्यात सहसा नॉर्मल येते.

मग सुजेच्या गोळ्या खोट्या का? तसंही नाही. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनने आराम पडतो, पण थोडाच. आणि महिनोन्महिने खाल्ल्या तर पोटात अल्सर होऊ शकतो, मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो. डायक्लोफेनॅक दिलेली जनावरं मेल्यावर ती खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली, म्हणून 2006 मध्ये भारतात जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, हे खरं. पण उन्हात राबणारा, पाणी कमी पिणारा गडी रिकाम्या पोटी ही गोळी रोज घेतो, तेव्हा काळजी वाटतेच.

"गादी सरकली, नस दबली" हा समज मात्र थोडा खरा आहे. 1934 मध्ये बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी पायात उतरणाऱ्या कळेचा संबंध गादीशी जोडला, तेव्हापासून सगळा दोष दाबावर गेला. पुढे 1994 मध्ये अमेरिकेत कंबर न दुखणाऱ्या 98 जणांचा एमआरआय काढला, तर सगळ्या गाद्या धड असलेले निघाले फक्त 36 टक्के! नुसतं दबणं पुरेसं नसावं, याचा धागा डुकरांवरच्या स्वीडिश प्रयोगांत मिळाला होता. गादीतला मऊ गर नसेवर नुसता ठेवला, दाब अजिबात दिला नाही, तरी नस मंदावली. गरातली द्रव्यं नसेभोवती दाह पेटवतात.

आता गंमत अशी, की हाच दाह सफाईही करतो. त्याच्यामागे येणाऱ्या पेशी बाहेर पडलेला गर हळूहळू खाऊन टाकतात. त्यामुळे पूर्ण बाहेर आलेला मोठा तुकडा किंचित फुगलेल्या गादीपेक्षा अधिक वेळा आक्रसतो. "रिपोर्टात मोठं आलंय, आता ऑपरेशनच" असं म्हणणाऱ्यांना हे पटत नाही. 2022 मध्ये मॉन्ट्रियलच्या संशोधकांना आणखी एक गोष्ट दिसली: उंदरांना सुरुवातीलाच सूज मारणारी औषधं दिली, तेव्हा वेदना लगेच कमी झाली, पण एकूण जास्त दिवस टिकली. माणसांबद्दल असा निकाल देणं घाईचं ठरेल.

वांगं, पावटा, आंबट ताक सोडून कंबर बरी होते, याला भक्कम पुरावा नाही. अंथरूण धरण्यानेही फायदा नाही. हेलसिंकीच्या महापालिका कर्मचाऱ्यांवरच्या 1995 च्या अभ्यासात दोन दिवस पडून राहिलेल्यांपेक्षा झेपेल तसं नेहमीचं काम करणारे लवकर सावरले.

आणि जिथे सूज खरोखरच मुळाशी असते, तिथे ती कुणाच्या ध्यानात येत नाही. वाईकडून खंबाटकी ओलांडून शिरवळच्या एमआयडीसीत जाणारा पंचविशीचा मुलगा घ्या. पहाटे तीन-चारला कंबर दुखून जाग येते, उठल्यावर अर्धा तास अंग आखडलेलं, हालचाल केली की मोकळं. त्याला सांगितलं जातं, "मोटारसायकलचे धक्के, दुसरं काय!" पण धक्क्यांचं दुखणं विश्रांतीने कमी होतं, याचं वाढतं. हा अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस असू शकतो. तो बहुधा पंचेचाळिशीच्या आत सुरू होतो, बायकांनाही होतो आणि निदानाला अनेकदा वर्षं लागतात, कारण कंबरेखालच्या सांध्यांचा एक्स-रे सुरुवातीला स्वच्छ दिसतो. सीआरपीही नॉर्मल असू शकते. हीच लक्षणं तीन महिन्यांहून जास्त टिकली तर संधिवाततज्ज्ञाला दाखवावं. इथे त्याच सुजेच्या गोळ्या, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, उपचाराची पहिली पायरी असतात. जोडीला रोजचा व्यायाम.

कंबरदुखीबरोबर बारीक ताप येत असेल, वजन घटत असेल, तर मणक्याचा क्षयरोग तपासून घ्यावा. आणि बसायची जागा बधिर झाली किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री सातारा नाहीतर पुणे गाठावं.