मंत्र्यांच्या हातातला वाइनचा पेला

मंडळी, नाकाडोंगरीत बसून वाइनच्या गोष्टी कशाला, असं वाटेल. पण मोहाकडे याच वाटेनं जायचंय.

उद्योगपती, मंत्री, अधिकारी यांना बोलावून ‘वाइन टेस्टिंग’ ठेवतात, तेव्हा हेतू पाजण्याचा नसतो. पेल्यात दोन-तीन घोट. आधी हलकी पांढरी, मग लाल, शेवटी गोड. पेला उजेडात धरायचा, हलवायचा, वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा आणि शेजारच्या भांड्यात थुंकायचा. हो, मंत्र्यांनीसुद्धा! पाच-सहा प्रकार चाखून डोकं ठिकाणावर ठेवायचं तर दुसरा उपाय नाही. यजमान मात्र सारखा बोलत असतो. द्राक्षं कुठली, माती कसली, शेतकरी कोण. बोलता बोलता समोरची दारू ‘शेतमाल’ होऊन जाते. खरं काम हेच.

आणि या एका शब्दाला मोल आहे. श्यामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात नारायणगावला वाइन सुरू केली. २००१ साली राज्यानं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, करात सवलती दिल्या. २७ जानेवारी २०२२ला मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मंजुरी दिली, तीही शेतकऱ्याच्या हिताचं कारण देऊन. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय बारगळला, ते वेगळं.

आता आपला मोह. मार्च-एप्रिलात भल्या पहाटे बाया टोपल्या घेऊन निघतात, खाली पडलेली फुलं वेचतात, वाळवतात. हाही मालच की! फुलं गोळा करण्या-नेण्यावरचे निर्बंध राज्यानं २०२१ साली उठवले. पण घरी गाळलेली दारू अजून ‘हातभट्टी’च. तिकडे गोव्यानं फेणीला वारशाचा दर्जा दिला. आपल्या सीमेपलीकडे मध्य प्रदेशानं मोहाच्या दारूलाही दिला.

एक फरक मात्र आम्ही लपवणार नाही. वाइन नुसती आंबवतात, तिच्यात मद्यार्क साधारण १२ ते १४ टक्के. मोहाची दारू गाळलेली, बरीच कडक, आणि घरच्या भट्टीत कुणी मोजत नाही. म्हणून आधी परवान्याची भट्टी, प्रयोगशाळेची तपासणी, बाटलीवर मद्यार्काचा आकडा. मग पाहुण्यांना बोलवा. आज ती घरची बाटली मांडली, तर यजमानावरच गुन्हा दाखल होईल.