मधमाशी डोळ्यांनी वेग मोजते!

मी हदगावहून बोलतोय. मधमाशीकडे ना स्पीडोमीटर, ना जीपीएस. मग फुलावर ती न आपटता उतरते कशी?

हदगावहून नांदेडला गाडीवर निघालो, की रस्त्याकडेची झाडं सपासप मागं पळतात, लांबची मात्र सावकाश सरकतात. माशी नेमकं हेच वापरते. भरभर सरकतं ते जवळ, हळू सरकतं ते लांब.

ऑस्ट्रेलियात काम करणारे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ मंड्यम श्रीनिवासन आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं. पट्ट्यापट्ट्यांच्या दोन भिंतींमधून माशा बरोबर मधून उडायच्या. एक भिंत माशीच्याच दिशेनं सरकवली, की माशी तिच्याकडे झुकायची. पट्टे हळू सरकतात म्हणजे भिंत लांब आहे, असा तिचा हिशोब! उतरतानाही खालचं दृश्य एकाच गतीनं सरकत राहील असा वेग ती धरते. त्यामुळं जमीन जवळ येईल तसा वेग आपोआप कमी होतो. ड्रोन उतरवायलाही ही युक्ती वापरून पाहिली गेलीय.

आणि अंधारात? आपल्या भीमाशंकरच्या जंगलात एक भुंगा अमावस्येच्या रात्रीही उडतो. वाट चुकली तर घर गेलं! हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस आणि सहकाऱ्यांनी 2008 साली दाखवलं, की घरट्याजवळच्या खुणांचे रंग तो चांदण्यांच्या उजेडातही ओळखतो. तेवढ्या उजेडात आपल्याला रंग दिसतच नाहीत.

आता तुरीच्या फुलावर माशी उतरताना दिसली, तर तिचा वेग कसा कमी होतो ते बघा.