एक स्टेशन तिकडचं, एक आपलं

जपानच्या होक्काइदो बेटावरच्या क्यू-शिराताकी स्टेशनची गोष्ट तुमच्याही मोबाईलवर येऊन गेली असेल. बर्फातलं आडगाव, खोलीएवढं स्टेशन आणि शाळेला जाणारी एकच मुलगी. 'तिच्या एकटीसाठी स्टेशन चालू ठेवलं,' असं व्हायरल झालं. गोष्ट जरा रंगवलेलीच होती. पण मार्च 2016 मध्ये तिची शाळा संपली आणि त्याच महिन्यात स्टेशनही बंद झालं, हे खरं.

आपल्या बीडमध्ये नेमकं उलटं. इथं पोरं भरपूर, स्टेशनच नव्हतं! नगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग 1995 मध्ये मंजूर झाला. तेव्हा कॉलेजात असलेल्यांची मुलं आज कॉलेजात आहेत. रेल्वे आष्टीला पोचली 2022 मध्ये आणि बीडला 17 सप्टेंबर 2025 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी.

आता कपिलधारचंच बघा. मन्मथस्वामींची समाधी, पावसाळ्यात धबधबा, कार्तिकी पौर्णिमेला यात्रा. पण इथल्या विद्यार्थ्याला रेल्वे पकडायची तर आधी मांजरसुंबा गाठायचं, मग हायवेनं बीड. एवढं करून गाडी कॉलेजच्या वेळेत नसेल, तर तो एसटीनंच जाणार ना?

स्टेशन आलं, सेल्फी झाले. आता वेळापत्रकाबद्दल बोलूया. पोरं चढली-उतरली तरच स्टेशन जगतं. तिकडंही आणि इकडंही.