कोवळी तळी, जुना कार्बन

पूर्व सायबेरियातल्या याकुत्स्क गावी रशियन-अमेरिकन कंपनीच्या कचेरीत फ्योदोर शेर्गिन नावाचा व्यवस्थापक होता. १८२८ साली त्याने विहीर खणायला घेतली. पाणी लागेना. माणूस चिवट, १८३७ पर्यंत खणत खणत तो ११६ मीटरपर्यंत खोल गेला, तरी माती गोठलेलीच. पुढे १८४४ पासून अलेक्झांडर मिडेनडॉर्फ या निसर्गशास्त्रज्ञाने त्याच कोरड्या विहिरीच्या भिंतींत थर्मामीटर बसवून निरनिराळ्या खोलीवरचं तापमान मोजलं. कायम गोठलेल्या जमिनीचा शास्त्रीय अभ्यास ज्या थोड्या जागांपासून सुरू झाला, त्यांतली ही एक फसलेली विहीर.

जिच्या पोटात शंभर मीटरवरही पाणी नाही, त्या भूमीच्या पाठीवर मात्र तळीच तळी पसरलेली आहेत. दोन्हींचं कारण एकच. खालचा गोठलेला थर पाणी मुरू देत नाही, आणि तोच थर जागोजाग वितळून खचला की खळग्यात पाणी साचतं. अशा तळ्यांना भूशास्त्रात थर्मोकार्स्ट तळी म्हणतात. या लेखाचा विषय ती तळी आणि त्यांतून ये-जा करणारा कार्बन.

जी जमीन सलग दोन वर्षं तरी शून्य अंश सेल्सिअसच्या वर जात नाही, ती पर्माफ्रॉस्ट. उत्तर गोलार्धातल्या सुमारे १५ टक्के भूभागाखाली ती आहे. या प्रदेशाच्या मातीत मिळून अंदाजे दीड लाख कोटी टन सेंद्रिय कार्बन अडकला आहे. आज सगळ्या वातावरणात आहे त्याच्या जवळपास दुप्पट. तो सगळीकडे सारखा नाही. सायबेरिया आणि अलास्काच्या काही भागांत ‘येदोमा’ नावाचे जाड थर आहेत. हिमयुगात तिथे बर्फाची चादर नव्हती. गवताळ मैदानं होती, त्यांवर मॅमथ चरत होते. वाऱ्याने आणि पाण्याने आणलेला बारीक गाळ वर्षानुवर्षं साचत गेला आणि गवताची मुळं कुजण्याआधीच त्यात गोठून गेली. असे कित्येक मीटर जाडीचे थर हजारो वर्षं तसेच राहिले. हिवाळ्यात जमिनीला पडणाऱ्या भेगांत वितळलेलं पाणी उतरून पुन्हा गोठायचं. त्यातून बर्फाच्या प्रचंड पाचरी तयार झाल्या. येदोमाच्या निम्म्याहून अधिक घनफळ निव्वळ बर्फाचं असू शकतं.

सगळी मेख या बर्फात आहे. वणव्याने किंवा जंगलतोडीने वरचं शेवाळ-मातीचं पांघरूण गेलं की पाचरीचा माथा वितळतो, जमीन बसते, खळगा होतो आणि पाणी साठतं. पाणी ऊन शोषून घेतं. हिवाळ्यात तळ्यावर दोन मीटरपर्यंत बर्फ जमतो. तळं त्याहून खोल झालं की तळाशी पाणी पाणीच राहतं. मग तळाखालची माती बाराही महिने वितळत जाते. बाहेर उणे चाळीस अंश असले तरी खाली हे काम चालूच. एरवी उन्हाळ्यात वितळणारा वरचा थर वर्षाकाठी फार तर काही सेंटीमीटरने वाढतो. तळ्याखाली काही दशकांत कित्येक मीटर माती मोकळी होते. काठ ढासळतात, काठावरची झाडं वेडीवाकडी कलतात आणि हजारो वर्षं गोठलेली माती थेट पाण्यात येऊन पडते.

पुढचं काम जिवाणूंचं. तळाच्या चिखलात ऑक्सिजन नसतो. अशा जागी सेंद्रिय पदार्थ कुजला की कार्बन डायऑक्साइडबरोबर मिथेन बाहेर पडतो. आपल्याकडच्या गोबरगॅसच्या टाकीत होतं तेच. मिथेन वातावरणात साधारण दशकभरच टिकतो, पण वीस वर्षांच्या हिशेबात वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशीपट उष्णता अडवतो. चिखलातून पाण्यात विरघळणारा पुष्कळसा मिथेन वरच्या ऑक्सिजनयुक्त पाण्यातले दुसरे जिवाणू खाऊन टाकतात. बुडबुडे मात्र त्यांच्या हाती लागत नाहीत. ते सरळ वर येतात आणि फुटतात.

हे बुडबुडे मोजणं ही या विषयातली मोठी अडचण होती. कोलिमा नदीकाठच्या चेर्स्की इथे सर्गेई झिमोव यांनी संशोधन केंद्र उभारलं होतं. उत्तर सायबेरियातल्या तळ्यांचा मिथेन हिमयुगातल्या कार्बनवर पोसला जातो, हे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं. तिथेच केटी वॉल्टर (आताच्या वॉल्टर अँथनी) यांनी मोजमाप पुढे नेलं. छत्रीसारखे सापळे पाण्यात उलटे टांगून वायू गोळा करायची रीत जुनी होती. पण बुडबुडे तळ्यात सगळीकडून सारखे येत नाहीत आणि सापळा चुकीच्या जागी पडला की हिशेब चुकतो. उपाय हिवाळ्याच्या तोंडावर सापडला. पहिला बर्फ काचेसारखा पारदर्शक असतो आणि वर येणारे बुडबुडे त्यात थरांवर थर अडकतात. त्यावर चालत गेलं की कोणत्या जागा किती वायू सोडतात ते डोळ्यांना दिसतं. काही ठिकाणी तर वायू इतक्या जोराने येतो की बर्फ धरतच नाही. २००६ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात निष्कर्ष आले. या तळ्यांतला ९५ टक्के मिथेन बुडबुड्यांच्या वाटेने येतो, आधीचे अंदाज सुमारे पाचपटीने कमी होते, आणि जोरकस जागांवरच्या मिथेनमधल्या कार्बनचं वय ३५ ते ४३ हजार वर्षं निघालं.

इथे थांबलो तर चित्र भयानकच दिसतं, आणि बहुतेक बातम्या इथेच थांबतात. त्याच वॉल्टर अँथनी यांच्या गटाने २०१४ मध्ये गोष्टीचा उत्तरार्ध मांडला. तळं वयात आलं की येदोमातून सुटलेल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर पाणशेवाळ माजतं, तळाशी गाळ आणि पीट साचत जातो. पुढे कधीतरी काठ फुटतो, तळं रिकामं होतं आणि तो साठा पुन्हा गोठतो. त्यांच्या हिशेबाने तळ्यांची ही खोरी सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी पृथ्वी तापवण्याऐवजी थंड करू लागली, आणि सुरुवातीला जितका जुना कार्बन सुटला त्याच्या १.६ पट कार्बन त्यांनी पुढे साठवला. याकुतियात अशा जुन्या, गवताळ खोऱ्यांना ‘अलास’ म्हणतात. साखा लोक तिथे गाई-घोडे चारतात, हिवाळ्यासाठी गवत कापतात.

म्हणून तळं कार्बन सोडतं की साठवतं, हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. आधी तळ्याचं वय विचारायला हवं. मग मातीही विचारायला हवी. अलास्कातल्या अनेक प्रकारच्या तळ्यांचा अभ्यास २०१८ मध्ये झाला, त्यात बाहेर पडणारा बहुतांश कार्बन तरुण निघाला. म्हणजे अलीकडच्या झाडाझुडपांचा, हिमयुगातला नव्हे. युकॉन फ्लॅट्स या कोरड्या, सपाट प्रदेशातल्या कित्येक तळ्यांत तर जमिनीवरून येणारा कार्बन नगण्य आढळला. येदोमावरच्या चार तळ्यांचे आकडे साऱ्या आर्क्टिकला लावणं चूक, तसंच युकॉनचे आकडे चेर्स्कीला लावणंही.

शिवाय तळी नुसती वाढत नाहीत, नाहीशीही होतात. लॉरेन्स स्मिथ आणि सहकाऱ्यांनी पश्चिम सायबेरियाची उपग्रहचित्रं ताडून पाहिली. १९७३ मध्ये मोठी तळी १०,८८२ होती, १९९८ मध्ये ९,७१२ उरली. जिथे गोठलेला थर अखंड आहे तिथे तळी वाढली. जिथे तो तुटक आहे तिथे तळाला भोक पडून पाणी खाली निघून गेलं.

काही वर्षांत आर्क्टिकमधून मिथेनचा एकच स्फोट होईल, ही भाकितं मला पटत नाहीत. पुरावा तसा नाही. पण म्हाताऱ्या तळ्यांच्या साठवणुकीवर समाधान मानणंही भाबडेपणाचं आहे. तो उत्तरार्ध हजारो वर्षांचा असतो. आता जी नवी तळी तयार होत आहेत त्यांचं तारुण्य नेमकं याच शतकात येतं. तळ्यांखालचं वेगवान वितळणं धरलं तर या शतकात पर्माफ्रॉस्टमुळे होणारी तापमानवाढ केवळ हळूहळू वितळण्याच्या हिशेबापेक्षा दुपटीहून अधिक भरते, असं २०१८ चं एक प्रारूप सांगतं. आंतरशासकीय हवामान समितीच्या २०२१ च्या अहवालाने दर एक अंश तापमानवाढीमागे २१०० सालापर्यंत पर्माफ्रॉस्टमधून कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने सुमारे १८ अब्ज टन कार्बन सुटेल असा अंदाज दिला; त्याची व्याप्ती मात्र ३ ते ४१. कोळसा, तेल आणि वायू जाळून माणूस वर्षाला साधारण १० अब्ज टन कार्बन सोडतो. तेव्हा मुख्य गुन्हेगार तळी नव्हेत. पण माणसाने आपला धूर कमी केला तरी तापलेल्या जमिनीतलं तळं लगेच थांबणार नाही, हा फरक लक्षात ठेवायला हवा.

त्या ३ ते ४१ मधली दरी बुजवायची तर मोजमाप हवं, आणि ते जिथे सर्वांत जास्त हवं तिथेच आटलं आहे. येदोमाचा मोठा भाग रशियात आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर पाश्चात्त्य संस्थांचं रशियातल्या केंद्रांशी असलेलं सहकार्य जवळजवळ थांबलं. जानेवारी २०२४ मध्ये ‘नेचर क्लायमेट चेंज’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार, रशियन केंद्रं वगळल्यावर आर्क्टिकच्या चित्रात जी चूक शिरते, तिचा आकार शतकाअखेरीस अपेक्षित असलेल्या बदलाच्या तोडीचा आहे.