खाचेची रुंदी, दांड्याची लांबी

फळीच्या रेषेला आडवी, सपाट तळाची आणि काटकोनी कडांची जी खाच कापतात तिला अमेरिकी सुतारकामात ‘डाडो’ म्हणतात. पुस्तकांच्या कपाटातली आडवी फळी उभ्या बाजूत 6 मिलिमीटर आत जाऊन बसते ती याच खाचेत, आणि मग पुस्तकांचे वजन स्क्रूवर न येता लाकडावर येते. आपल्याकडे ओट्यामागच्या भिंतीवरच्या टाइल्सनाही डाडोच म्हणतात. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ फासा. स्थापत्यात तो स्तंभाच्या चौकोनी बैठकीला लागला आणि पुढे भिंतीच्या खालच्या भागाला.

टेबल सॉचे साधे पाते सुमारे 3 मिलिमीटर रुंद कापते. 18 मिलिमीटरची खाच त्याने करायची तर फळी सहा-सात वेळा सरकवावी लागते आणि तळाशी राहिलेल्या धारा पटाशीने काढाव्या लागतात. डाडोचा संच हे काम एका फेरीत करतो. त्यात डावे आणि उजवे अशी दोन बाहेरची पाती असतात, मधे मोजक्या दात्यांचे चिपर आणि रुंदी किंचित वाढवण्यासाठी कागदाइतक्या पातळ चकत्या. दुसरा स्वस्त प्रकार डुलत्या पात्याचा. एकच पाते तिरक्या बैठकीवर बसवलेले असते आणि डुलत फिरून रुंद खाच पाडते. तिचा तळ मात्र किंचित गोलसर होतो आणि फळीची कड त्यावर नीट टेकत नाही. चांगल्या कपाटासाठी हा प्रकार घेण्यात अर्थ नाही.

पण संच निवडण्याआधी यंत्र तपासावे लागते. पाते ज्यावर बसते तो दांडा, म्हणजे आर्बर, उचलून नेण्याजोग्या यंत्रांत आखूड असतो. डिवॉल्टच्या डीडब्ल्यूई7491आरएसवर 8 इंची संच 13/16 इंच, म्हणजे 20.6 मिलिमीटर रुंदीपर्यंत बसतो. त्याच कंपनीच्या लहान डीडब्ल्यूई7485वर डाडो चालत नाही. नट पूर्ण आट्यांवर बसलाच पाहिजे. जागा पुरत नाही म्हणून नटाखालची बाहेरची चकती काढायची का, हे यंत्राच्या पुस्तिकेत पाहून ठरवावे, हिमतीवर नाही. अमेरिकी संचाचे भोक 5/8 इंचाचे असते. भारतात मिळणाऱ्या अनेक यंत्रांचा दांडा 25.4 किंवा 30 मिलिमीटरचा असल्याने परदेशातून हौसेने आणलेला संच इथे बसतच नाही. युरोपात तर बंद केल्यावर पाते 10 सेकंदांत थांबावे असा दंडक आहे. जड संच तो सहज पाळत नाही, त्यामुळे तिथले दांडे बहुधा आखूडच असतात.

दांडा पुरला तरी व्यासाचा प्रश्न उरतो. 10 इंची यंत्रावर डाडो 8 इंचाचा किंवा 6 इंचाचा लावतात. साध्या पात्याच्या सहापट लाकूड एका वेळी खरवडायचे आणि हाताशी 120 व्होल्टवर 15 अँपिअरची मोटर, म्हणून हलका 6 इंची संच इथे शहाणपणाचा. जे यंत्र 10 इंची पात्याने 79 मिलिमीटर खोल कापते तिथे 6 इंची संचाला सुमारे 28 मिलिमीटर खोली मिळते. कपाटाच्या खाचेला फळीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त खोली क्वचितच लागते. अपवाद सॉस्टॉपचा. बोट लागताच पाते थांबवणाऱ्या या यंत्राला डाडोसाठी वेगळे ब्रेक-काडतूस लागते आणि संच 8 इंचीच चालतो.

रुंदी प्लायवूडच्या नावावरून ठरवू नये. अमेरिकेत ‘पाऊण इंची’ म्हणून विकले जाणारे प्लाय बहुधा 23/32 इंच, म्हणजे 18.26 मिलिमीटर भरते. पाऊण इंचाच्या खाचेत ते खडखडते. फळी प्रत्यक्ष मोजावी आणि चकत्या कमी-जास्त करून टाकाऊ तुकड्यावर खाच पाहावी. फळी हाताने दाबून आत जावी, हातोडा लागू नये.

बसवताना आधी प्लग काढायचा. चिपरचे दाते बाहेरच्या पात्यांच्या दोन दात्यांमधल्या मोकळ्या जागेत यावेत, त्यांचे दाते एकमेकांना टेकू नयेत. चिपर एकमेकांपासून समान कोनात फिरवून ठेवले की संच कमी थरथरतो. टेबलात पात्याभोवती रुंद भोकाची वेगळी झाकणपट्टी लागते. पाते तिरके करायचे नाही. सुरू करण्याआधी संच हाताने एक पूर्ण फेरा फिरवून पाहावा.

कापताना खोल खाच दोन फेऱ्यांत घ्यावी. एरवी कोनमापी आणि कडेचे कुंपण एकत्र वापरणे घातक, कारण कापलेला तुकडा मधे अडकून उसळतो. डाडोत तुकडा सुटतच नाही, म्हणून इथे दोन्ही एकत्र चालतात. फळीची मागची कड उचकटू नये म्हणून तिच्यामागे टाकाऊ लाकूड धरतात. फळीच्या कडेलाच खाच हवी असेल तर कुंपणाला लाकडी पट्टी जोडून पाते तिच्यात थोडे बुडवतात. यंत्र हलके असल्याने स्टँड जखडावा, आणि लांब फळीला पलीकडे आधार द्यावा. हात पात्यावरून नेऊ नये, दाबठोकळा वापरावा.

आरपार न जाणाऱ्या या कापात वरचे झाकण आणि पात्यामागची फाळ दोन्ही काढलेली असतात. डाडो उतरवून साधे पाते चढवताना ती परत बसवायची असतात, कारण पुढच्या आरपार कापात फळीचे उलट उसळणे, म्हणजे किकबॅक, रोखण्याचे काम तीच फाळ करते.