५३ लाखांची हॅचबॅक : गोल्फ जीटीआयची किंमत खरंच वसूल होते का?

लांबी ४.२९ मीटर, पाच सीट, पाच दरवाजे आणि साधारण ३८० लिटरची डिकी. लांबून पाहिलं तर फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय ही नेहमीचीच हॅचबॅक वाटते. किंमत ऐकली की मात्र चित्र बदलतं. मे २०२५ मध्ये ही गाडी भारतात आली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत ५२.९९ लाख रुपये होती. पहिल्या टप्प्यातल्या १५० गाड्यांचं बुकिंग लाँचच्या आधीच पूर्ण झालं.

म्हणजे घेणारे आहेत. पण वेगवान गाडीचं स्वप्न असलेले आणि ते कर्ज काढून पूर्ण करू पाहणारेही आहेत. त्यांच्यासाठी प्रश्न साधा आहे. हॅचबॅकच्या सर्वात ताकदवान व्हर्जनसाठी मोजलेले जादा पैसे नेमके कुठे जातात आणि त्यातून हातात काय पडतं?

‘हॉट हॅच’ म्हणजे काय?

रोजच्या वापराची छोटी गाडी घ्यायची आणि तिला मोठं इंजिन, पक्कं सस्पेन्शन व चांगले ब्रेक द्यायचे, ही त्यामागची कल्पना. १९७५ च्या फ्रँकफर्ट मोटर शोमध्ये पहिली गोल्फ जीटीआय दाखवली गेली आणि १९७६ मध्ये ती विक्रीला आली. १.६ लिटरचं इंजिन, ११० पीएस ताकद आणि वजन जेमतेम ८०० किलोच्या आसपास. कंपनीने फक्त ५,००० गाड्या बनवायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून जास्त जीटीआय विकल्या गेल्या.

ही गाडी चालली कारण ती सोमवारी ऑफिसला, शनिवारी बाजारात आणि रविवारी घाटात तितकीच उपयोगी होती, आणि स्पोर्ट्स कारपेक्षा बरीच स्वस्त होती. आजच्या किमतीचा हिशोब करतानाही हीच फूटपट्टी लावायला हवी.

जादा पैशांत काय मिळतं?

तुलनेसाठी त्याच कंपनीची, पुण्याजवळच्या चाकणमध्ये बनणारी व्हर्टस जीटी घेऊ. १.५ लिटर टर्बो पेट्रोल इंजिन, १५० पीएस, २५० न्यूटन मीटर टॉर्क आणि किंमत २० लाखांच्या आसपास. शून्य ते १०० किमीचा वेग गाठायला तिला साधारण ९ सेकंद लागतात.

जीटीआयमध्ये २ लिटर टर्बो इंजिन आहे. ताकद २६५ पीएस, टॉर्क ३७० न्यूटन मीटर, आणि शून्य ते १०० अवघ्या ५.९ सेकंदांत. फरक तीन सेकंदांचा आणि ३३ लाखांचा. म्हणजे वाचलेला एकेक सेकंद साधारण साडेदहा लाखांना पडतो.

पण गाडी फक्त आकड्यांवर तोलणं अन्यायाचं होईल. फरक यांत्रिक भागांतही आहे.

* डिफरन्शिअल : वळणावर गाडी आतल्या चाकावरून हलकी होते. साध्या डिफरन्शिअलमध्ये हे हलकं चाक जागेवरच फिरू लागतं आणि इंजिनची ताकद वाया जाते. जीटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचं लॉकिंग डिफरन्शिअल आहे. ते क्लचच्या मदतीने ताकद बाहेरच्या, पकड असलेल्या चाकाकडे वळवतं. त्यामुळे वळणातून बाहेर पडताना गाडी सरळ पुढे सरकण्याऐवजी आत ओढली जाते.
* मागचं सस्पेन्शन : व्हर्टसची मागची दोन्ही चाकं एकाच आडव्या बीमने जोडलेली असतात. जीटीआयमध्ये मल्टिलिंक रचना आहे. एका चाकाला बसलेला धक्का दुसऱ्याला कमी जाणवतो.
* गिअरबॉक्स : दोन्हींत ७ स्पीड ड्युअल क्लच आहे. व्हर्टसमधला क्लच कोरडा, तर जीटीआयमधला तेलात बुडालेला असतो. जास्त टॉर्क आणि उष्णता सहन करण्यासाठी तो लागतो.

हे भाग महाग आहेत आणि त्यांचा परिणाम स्टेअरिंग हातात घेतल्यावर लगेच कळतो. मात्र ३३ लाखांचा फरक फक्त यांच्यामुळे पडत नाही.

मग बाकीचे पैसे जातात कुठे?

मुख्यतः करात. जीटीआय जर्मनीत पूर्ण तयार होऊन येते. परदेशातून पूर्ण बांधणी होऊन येणाऱ्या गाड्यांवर भारतात साधारण ७० ते ११० टक्के आयात शुल्क लागत आलं आहे. त्यावर जीएसटी. जीटीआय आली तेव्हा मोठ्या गाड्यांवर २८ टक्के जीएसटी आणि वर उपकर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर जाऊन सरसकट ४० टक्के झाला.

उदाहरणासाठी एक आकडा धरू. समजा एखादी गाडी बंदरात २० लाखांना उतरली. ७० टक्के शुल्काने ती ३४ लाखांची झाली. त्यावर ४० टक्के जीएसटी लावला की ४७.६ लाख. डीलरचा वाटा अजून बाकीच आहे. यात मूळ गाडी २० लाखांची आणि कर २७.६ लाखांचा. म्हणजे दर शंभर रुपयांतले ५८ रुपये ना इंजिनाला गेले, ना ब्रेकला.

त्याच्यापुढे राज्याचा रस्ता कर. महाराष्ट्रात २० लाखांपुढच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर १३ टक्के कर आहे. आयात गाडीसाठी दर त्याहून जास्त. विमा धरला की लाँचच्या किमतीला जीटीआय रस्त्यावर येईपर्यंत आकडा ६० लाखांच्या पुढे जातो.

इतर पर्यायांच्या तुलनेत कशी?

एका पीएस ताकदीसाठी किती रुपये, असा ढोबळ हिशोब केला तर (लाँचवेळच्या एक्स-शोरूम किमतीवर, व्हर्टससाठी २० लाख धरून) :

* व्हर्टस जीटी : साधारण १३,३०० रुपये
* स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस (४९.९९ लाख, २६५ पीएस) : साधारण १८,९०० रुपये
* गोल्फ जीटीआय (५२.९९ लाख, २६५ पीएस) : साधारण २०,००० रुपये
* मिनी कूपर एस (४४.९० लाख, २०४ पीएस) : साधारण २२,००० रुपये

ऑक्टाव्हिया आरएस ऑक्टोबर २०२५ मध्ये, म्हणजे जीएसटी बदलल्यानंतर आली. त्यामुळे दोघींच्या किमतीतला फरक थोडा सावधपणे वाचायला हवा. इंजिन दोघींचं सारखंच, डिकी मात्र ६०० लिटरची. शून्य ते १०० साठी ती ६.४ सेकंद घेते. कुटुंब मोठं असेल तर हा अर्धा सेकंद सोडून देणं जड जाणार नाही. अडचण एवढीच की भारतासाठी तिच्या फक्त १०० गाड्या होत्या.

दहा-बारा लाखांच्या गटातही ‘स्पोर्टी’ हॅचबॅक आल्या. ह्युंदाई आय२० एन लाइन आणि टाटा अल्ट्रोझ रेसर, दोन्ही १२० पीएसच्या. युरोपात विकल्या गेलेल्या खऱ्या आय२० एनमध्ये २०४ पीएस होते. म्हणजे आपल्याकडे नाव आणि रूप आलं, ताकद आली नाही. या १२० पीएसच्या वर थेट ५० लाखांची पायरी लागते. मधली २५-३० लाखांची खरी हॉट हॅच बाजारात नाही, आणि जीटीआयला मागणी येण्याचं एक कारण तेही आहे.

जीटीआयच्याही वर काय आहे?

युरोपात गोल्फच्या आणखी दोन पायऱ्या आहेत. जीटीआय क्लबस्पोर्टमध्ये ३०० पीएस असून ती ५.६ सेकंदांत १०० गाठते. सर्वात वरच्या गोल्फ आरमध्ये ३३३ पीएस आणि चारही चाकांना ताकद आहे. तिला ४.६ सेकंद लागतात.

इथे एक गोष्ट लक्षात येते. क्लबस्पोर्टने ३५ पीएस वाढवूनही जेमतेम ०.३ सेकंद वाचवले, कारण पुढची दोन चाकं एका मर्यादेपलीकडे रस्ता पकडू शकत नाहीत. आरने आणखी ३३ पीएस वाढवले आणि पूर्ण एक सेकंद वाचवला, कारण तिने चारही चाकं कामाला लावली. हिवाळ्यात बर्फ पडणाऱ्या आणि ऑटोबानच्या काही टप्प्यांवर वेगमर्यादा नसलेल्या जर्मनीत या पायरीचे पैसे वापरले तरी जातात.

आपल्या रस्त्यांवर उपयोग किती?

मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर कारसाठी मर्यादा १०० किमी आहे आणि कॅमेरे लागलेले आहेत. समृद्धी महामार्गावर १२० किमी. जीटीआय हा आकडा काही सेकंदांत गाठते आणि मग उरलेला प्रवास इतरांच्याच वेगाने करते. खरा फायदा ओव्हरटेक करताना, घाटातल्या वळणांवर आणि अचानक ब्रेक लावताना मिळतो.

तोटाही तितकाच खरा आहे. तिचे टायर २२५/४० आर१८ मापाचे आहेत. म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये फक्त ९० मिलिमीटर रबर. २०५/५५ आर१६ टायरमध्ये ते साधारण ११३ मिलिमीटर असतं. पावसाळ्यातल्या खड्ड्यात हा फरक थेट अलॉय व्हीलच्या बिलावर दिसतो.

ट्रॅकवर न्यायची इच्छा असेल तर कोइम्बतूर आणि चेन्नईजवळचे सर्किट आहेत. मात्र नेहमीच्या मोटर विम्यात शर्यत आणि वेगचाचणीदरम्यान झालेलं नुकसान धरलं जात नाही, हे आधी माहीत असलेलं बरं.

कर्ज काढून घ्यावी का?

समजा ४५ लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज आणि ७ वर्षं मुदत. हप्ता महिन्याला साधारण ७२,४०० रुपये. फक्त व्याज १५.८ लाख. दुसऱ्या बाजूला विम्याच्या घसारा तक्त्यानुसार पाचव्या वर्षात गाडीचं मूल्य निम्मं धरलं जातं. म्हणजे कागदावर २६ लाखांहून जास्त उतरलेले असतात आणि हप्ते अजून दोन वर्षं बाकी असतात.

कमी संख्येने आलेली गाडी पुढे भाव टिकवेल, अशी आशा अनेकांना असते. तिच्यावर भिस्त ठेवून हप्ता ठरवू नये. २०१६ मध्ये पोलो जीटीआय २५.९९ लाखांना आली होती, तीही मोजक्याच संख्येने. पुढच्याच वर्षी तिची किंमत १९.९९ लाखांवर आली. आधी घेणाऱ्यांचे सहा लाख तिथेच कमी झाले.

मग निष्कर्ष काय?

आकड्यांनी पाहिलं तर किंमत वसूल होत नाही. गाडी उत्तम आहे, पण मोजलेल्या पैशांचा मोठा भाग गाडीत नसून करात आहे, आणि विकताना तो परत मिळत नाही.

तरी घ्यायचीच असेल तर तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, हप्ता न काढता किंवा अगदी छोट्या कर्जात ती झेपते का? दुसरी, घरातली हीच रोजची गाडी असणार आहे का? दुसरी गाडी म्हणून नुसती उभी राहणार असेल तर जीटीआयचा मूळ गुणच वाया जातो. तिसरी, घाटरस्ता किंवा ट्रॅक वर्षातून किती वेळा नशिबात आहे? तिन्ही उत्तरं मनासारखी असतील तर जीटीआय हा महागडा, पण समाधान देणारा निर्णय ठरू शकतो.

पहिलंच उत्तर ‘नाही’ असेल तर चाकणची १५० पीएसची गाडी घेऊन उरलेले ३३ लाख हाताशी ठेवणं शहाणपणाचं. १०० आणि १२० च्या मर्यादेत तीही तितक्याच वेगाने पोहोचवते.