उज्जैनमधल्या मराठी खुणा इंटरनेटवर शोधताना

महाकालेश्वराचं मंदिर अठराव्या शतकात पुन्हा उभं केलं राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी. गोपाळ मंदिर बांधलं दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाईंनी. यापुढे काही हवं असेल आणि आपण मराठीतच शोधत राहिलो, तर फिरून फिरून तीच चार पानं समोर येतात. बाकीची माहिती इंटरनेटवर आहे, पण ती दुसऱ्यांच्या शब्दांत लिहिलेली आहे. ते शब्द ओळखले की निम्मं काम होतं.

लिहिणाऱ्याचं स्पेलिंग

हिंदी पानांवर शिंदे ‘सिंधिया’ होतात आणि बायजाबाई कुठे ‘बैजाबाई’ होतात. जुन्या इंग्रजीत तर आणखी तऱ्हा. विल्यम हंटरचा आग्रा ते उज्जैन प्रवासाचा वृत्तांत ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सहाव्या खंडात आहे; त्यात शहराचं स्पेलिंग ओ-यू-जे-ई-आय-एन असं आहे. प्रवासलेखिका फॅनी पार्क्सने बायजाबाईंना प्रत्यक्ष भेटून लिहिलं. तिचं पुस्तक 1850 साली आलं, आणि त्यात ‘बायजा’ हे बी-ए-आय-झेड-ए असं येतं. आजच्या पानांसाठी गुगल जवळपासची स्पेलिंगं स्वतःच धरतं. इंटरनेट आर्काइव्हवरच्या स्कॅन केलेल्या पुस्तकांत मात्र तेवढं गृहीत धरू नये. तिथे पुस्तकाच्या आतला मजकूर शोधण्याचा पर्याय निवडावा आणि एकेक स्पेलिंग टाकून पाहावं. वेळ जातो, पण खरा ऐवज तिथेच सापडतो.

वजाबाकी जपून

नुसतं ‘मुक्तिबोध उज्जैन’ टाकलं की हिंदी कवी गजानन माधवच पुढे येतात. त्यांचे धाकटे भाऊ, मराठी कवी-समीक्षक शरच्चंद्र मुक्तिबोध मागे पडतात. नको असलेल्या शब्दाआधी वजाचं चिन्ह, मधे जागा न सोडता, टाकता येतं. पण इथे ‘गजानन’ वगळलं तर शरच्चंद्रांवरचे चांगले लेखही गळतात, कारण त्यांत थोरल्या भावाचा उल्लेख असतोच. त्यापेक्षा पूर्ण नाव अवतरणचिन्हांत टाकावं आणि जोडीला त्यांच्या ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या पुस्तकाचं नाव. हिंदी पानांसाठी ‘शरतचंद्र’ही करून पाहावं.

संवत की इसवी

माळव्यात विक्रम संवत चालतं. एखाद्या मंदिराच्या दोन सालांत अर्ध्या शतकाहून जास्त फरक दिसला, तर 57 वजा करून पाहा. संवत 1901 म्हणजे इसवी 1844. जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंत 56. शोधताना दोन्ही आकडे टाकावेत.

भस्म आरतीचं बुकिंग

महाकालेश्वराच्या या आरतीचं बुकिंग शोधताना पहिल्या निकालावर क्लिक करू नका. वर ‘प्रायोजित’ लिहिलेलं असलं तर ती जाहिरात आहे. पैसे भरण्याआधी पत्त्याचा शेवट ‘गव्ह डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ असा आहे ना, हे बघा.

मोडी कागद

मोडीतल्या हस्तलिखितांतला मजकूर साध्या शोधात सापडत नाही. म्हणून माणसाच्या नावाऐवजी संग्रहाचं नाव शोधावं: पेशवे दप्तर, पुणे पुराभिलेखागार, भारत इतिहास संशोधक मंडळ. गो. स. सरदेसाईंनी संपादित केलेले पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे 45 खंड देवनागरीत छापलेले आहेत. खंड उघडला की आधी अनुक्रमणिका आणि सूची डोळ्यांनी वाचावी; जुन्या छपाईतली जोडाक्षरं यंत्र अनेकदा चुकीची वाचतं.